अश्वशिक्षणाचा पाया : दाब, सुटका आणि शांतता

तरुण घोड्याच्या पाठीवर खोगीर चढले, तंग आवळला गेला, स्वार मांड ठोकून बसला आणि तरीही घोड्याने उसळी घेतली नाही, म्हणजे तो ‘शिकला’ असे सामान्यतः मानण्यात येते. पागेत आणि घोड्यांच्या बाजारात हीच कसोटी चालते. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा पारखणारा गिऱ्हाईक दात, टापा व चाल पाहतो आणि शेवटी घोडा गर्दीत स्तब्ध उभा राहतो की नाही हे पाहून समाधान पावतो. या कसोटीत एक गंभीर उणीव आहे. दोन घोडे अगदी सारखेच स्तब्ध उभे असतील आणि तरीही त्यांच्या स्तब्धतेची कारणे परस्परांच्या अगदी उलट असू शकतील. आपल्यावर येणारा दाब कसा संपवावयाचा हे ठाऊक असल्यामुळे एक घोडा शांत असतो; काहीही केले तरी तो संपत नाही असा अनुभव घेतल्यामुळे दुसरा निश्चल झालेला असतो. पहिल्याच्या शिक्षणाचा पाया पक्का आहे. दुसऱ्याच्या शिक्षणाला पायाच नाही, आणि ही गोष्ट बहुधा एखाद्या अपघातानंतरच उघडकीस येते. या दोन प्रकारच्या शांततेतील भेद अध्ययनाच्या मानसशास्त्राच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रथम घोड्याच्या स्वभावाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. घोडा हा उघड्या गवताळ प्रदेशात कळपाने राहणारा, शिंगे वा नख्या नसलेला प्राणी असून पलायन हेच त्याचे मुख्य संरक्षण आहे. त्याचे डोळे मस्तकाच्या दोन्ही बाजूंस असल्याने त्याला जवळजवळ सर्व दिशांचे दिसते. कपाळाच्या अगदी समोरचा थोडा भाग व शेपटीमागचा भाग एवढाच त्याच्या दृष्टीआड राहतो. विश्रांतीच्या अवस्थेत त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटास ३० ते ४० च्या आसपास पडतात; तो भरधाव सुटला की ते २०० च्याही वर जातात. त्याची त्वचा इतकी संवेदनक्षम असते की बसलेली एक माशी तो केवळ कातडी थरथरवून उडवून लावतो. अशा प्राण्याच्या पाठीवर माणूस बसतो, म्हणजे ज्या ठिकाणी हिंस्र श्वापद झेप घेईल नेमक्या त्याच ठिकाणी बसतो. घोडा हे सहन करतो यात खरे नवल आहे. तो कधी बिथरतो यात नाही.

या प्राण्याला प्रारंभी शिकवावयाच्या गोष्टी संख्येने फार थोड्या आहेत. पुढे चालणे, थांबणे, मागे सरणे, खांदे उजवीकडे वा डावीकडे वळविणे, मागचा भाग बाजूला सारणे, आणि दुसरी सूचना मिळेपर्यंत जागेवर उभे राहणे, एवढ्या प्रतिसादांतून घोडेस्वारीतील सर्व अवघड कसरती पुढे घडविल्या जातात. मराठीत शिस्तीला ‘वळण’ म्हणतात आणि चांगल्या घोड्याविषयी तो शब्द दोन्ही अर्थांनी खरा ठरतो. प्रश्न एवढाच की हे प्रतिसाद घोडा शिकतो कसे.

शिंगराला बागडोरीवर चालविण्याचे उदाहरण घेऊ. शिकविणारा शिंगराच्या डाव्या खांद्याजवळ उभा राहतो आणि बागडोर पुढच्या दिशेने हलकेच ताणतो. म्होरकीचा दाब शिंगराच्या कानांमागे पडतो. हा दाब त्याला नकोसा असतो, पण त्याचा अर्थ मात्र कळत नाही. ते मान वर करील, मागे ओढील, बाजूला झुकेल. या सर्व वेळी ताण होता तेवढाच ठेवावयाचा असतो. वाढवावयाचा नाही आणि कमीही करावयाचा नाही. केव्हा तरी त्याचा तोल किंचित पुढे झुकतो, कदाचित एक पाय पुढे पडतो. त्याच क्षणी बागडोर सैल झाली पाहिजे. काही आवृत्त्यांनंतर पाऊल लवकर पडू लागते. मग एका पावलाऐवजी दोन, दोनांऐवजी चार पावले मिळाल्यावर सुटका द्यावयाची. शिंगराला जे शिकविते ते ओढणे नव्हे. ओढणे केवळ प्रश्न विचारते. उत्तर बरोबर आले हे सैल झालेली दोरी सांगते.

एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांवर केलेल्या कोड्याच्या पेट्यांच्या प्रयोगांपासून या प्रक्रियेचे शास्त्रीय विवेचन सुरू झाले. ज्या कृतीच्या पाठोपाठ समाधानकारक परिणाम घडतो ती कृती दृढ होते, हा त्यांचा परिणामाचा नियम. पुढे बी. एफ. स्किनर यांच्या परिभाषेत या विशिष्ट प्रकाराला ‘ऋण प्रबलन’ असे नाव मिळाले. या नावाने बराच घोटाळा केलेला आहे. ‘ऋण’ म्हणजे वाईट किंवा कठोर असे समजून ऋण प्रबलन आणि शिक्षा यांत गल्लत केली जाते, आणि ती विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत जेवढी आढळते तेवढीच पागांमध्येही आढळते. येथे ऋण या शब्दाचा अर्थ वजाबाकी एवढाच आहे. घोड्याने पाऊल टाकले आणि टाचेचा दाब वजा झाला, म्हणून पाऊल टाकण्याचा कल वाढला, तर ते ऋण प्रबलन. घोड्याने पाऊल टाकले आणि त्यानंतर टाच वा चाबूक बसला, म्हणून पाऊल टाकण्याचा कल घटला, तर ती शिक्षा. साधन तेच आणि पायही त्याच स्वाराचा. भेद असतो तो केवळ क्षणाचा. पाऊल पडल्यावरही जो स्वार टाच दाबूनच ठेवतो तो आपल्या समजुतीप्रमाणे घोड्याला पुढे हाकीत असतो, परंतु घोड्याच्या लेखी तो पुढे गेल्याबद्दलच शिक्षा देत असतो.

उशिरा मिळालेली सुटका तितकीच घातक होय. शिंगरू मागच्या पायांवर उभे राहिले म्हणून घाबरून कोणी बागडोर सोडली, तर दाब संपविण्याचा उपाय म्हणजे मागच्या पायांवर उभे राहणे, हे शिंगराला एका क्षणात आणि बहुधा कायमचे कळते. भीतीतून सुचलेली आणि यशस्वी ठरलेली सुटकेची कृती घोडा क्वचितच विसरतो. पुढे ती दबली तरी पुसली जात नाही आणि अनपेक्षित प्रसंगी पुन्हा डोके वर काढते. ‘खोडी’ म्हणून ज्यांचा उल्लेख होतो अशा कित्येक सवयी अशाच रीतीने कोणीतरी नकळत शिकविलेल्या असतात.

या अध्ययनाला पुढे दुसरी प्रक्रिया येऊन मिळते. टाचेचा दाब देण्यापूर्वी प्रत्येक वेळी पोटरीचा हलका स्पर्श झाला, तर पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्याला ज्याप्रमाणे अन्नापूर्वीचा ध्वनी पुरेसा होतो, त्याप्रमाणे घोड्याला तो स्पर्शच पुरेसा होतो. तो दाब येण्याआधीच चालू लागतो. कसलेल्या स्वाराच्या सूचना प्रेक्षकाला दिसत नाहीत याचे रहस्य हेच. याउलट टाच सतत बडवीत राहणाऱ्या स्वाराचा घोडा त्या स्पर्शाला निर्ढावतो. ज्या उद्दीपकामागून काहीच घडत नाही त्याकडे दुर्लक्ष करणे हा सर्व प्राण्यांचा स्वभाव आहे. भाड्याची तट्टे टाचेला दाद देत नाहीत म्हणून त्यांना मठ्ठ म्हणण्याची रीत आहे; वस्तुतः त्यांनी आपला धडा चोख गिरविलेला असतो.

निर्ढावण्याचा हाच गुणधर्म पायाभरणीच्या दुसऱ्या अंगात उपयोगी पडतो. खोगिराचे ओझे, तंगाची आवळ, वाऱ्यावर फडफडणारे कापड, मोटारीचा कर्णा, या गोष्टींची घोड्याला सवय करावी लागते. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली मानवी भयावरील उपचारासाठी मांडलेली पद्धती येथे तंतोतंत लागू पडते. भयकारक वस्तू प्रथम इतक्या दूर वा इतक्या सौम्य रूपात दाखवावयाची की घोडा केवळ कान टवकारील. तो पुन्हा सैल झाला की ती क्षणभर दूर न्यावयाची आणि मग किंचित जवळ आणावयाची. हे काम वेळखाऊ आहे. त्यामुळे दुसरा, झटपट मार्ग लोकांना मोह घालतो. घोड्याला बांधून वा पाडून, तो धडपडणे थांबवीपर्यंत त्या वस्तूचा भडिमार करावयाचा. धडपड थांबते, हे खरे. ती का थांबते हा प्रश्न मात्र राहतो.

या संदर्भात जॉन रेरी या अमेरिकन अश्वशिक्षकाचे उदाहरण मननीय आहे. १८५८ साली इंग्लंडमध्ये त्याने क्रूझर नावाच्या अत्यंत आक्रमक घोड्याला थोड्याच वेळात माणसाळवून दाखविले आणि राणी व्हिक्टोरियासमोरही आपल्या विद्येचे प्रयोग केले. तो घोड्याचा पुढचा एक पाय दुमडून पट्ट्याने बांधीत असे. थकून घोडा खाली बसला, आडवा झाला, की त्याच्या सर्वांगावर सावकाश हात फिरवीत असे. चाबकाने फोडून काढण्याची रीत सर्रास असलेल्या त्या काळी रेरी दयाळू समजला गेला, आणि तुलनेने तो तसा होताही. परंतु आडव्या पडलेल्या घोड्याची शांतता ही विश्वासाची होती असे त्याच्या प्रेक्षकांनी गृहीत धरले. पलायन हेच ज्याचे एकमेव शस्त्र त्या प्राण्याच्या हातून ते शस्त्र काढून घेतल्यावर उरणाऱ्या अवस्थेला दुसरेही नाव देता येते.

ते नाव १९६७ साली मार्टिन सेलिग्मन, स्टीव्हन मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कुत्र्यांवरील प्रयोगांतून पुढे आले. ज्या कुत्र्यांना विजेचे धक्के कोणत्याही कृतीने थांबविता आले नव्हते, ती कुत्री पुढे सुटकेचा मार्ग मोकळा असतानाही निमूटपणे पडून राहिली. ज्यांना आपल्या कृतीने धक्का थांबविता आला होता, ती चटकन मार्ग शोधू लागली. दोन्ही गटांना मिळालेले धक्के सारखेच होते. या अवस्थेस ‘अध्ययनजन्य असहायता’ असे नाव देण्यात आले. पुढे २०१६ साली मायर व सेलिग्मन यांनी आपलीच उपपत्ती उलटी करून मांडली. दीर्घकाळ चाललेल्या पीडेपुढे निष्क्रिय होणे ही प्राण्याची मूळचीच प्रतिक्रिया असून ती शिकावी लागत नाही. शिकावे लागते ते नियंत्रण, म्हणजे ‘माझ्या कृतीने हे थांबते’ ही जाणीव, असे मज्जासंस्थेवरील संशोधनाच्या आधारे त्यांनी प्रतिपादन केले. अश्वशिक्षणाच्या दृष्टीने ही दुरुस्ती फार महत्त्वाची आहे. दाब देऊन अचूक क्षणी सुटका देणारा शिक्षक घोड्याला केवळ चालणे-थांबणे शिकवीत नाही; माणसाच्या सहवासात येणारी प्रत्येक अडचण स्वतःच्या कृतीने संपविता येते, हेही तो त्याला शिकवितो. घोड्याची शांतता या दुसऱ्या धड्यावर उभी असते.

लग्नाच्या वरातीतील घोडी या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. बँड, फटाके, दिव्यांचा झगमगाट आणि पाठीवर घोड्याशी कधीही संबंध न आलेला नवरदेव, अशा गोंधळात ती उभी असते. क्रमाक्रमाने सवय केलेल्या घोडीचे कान हलत असतात, मान खालीवर होते, धन्याचा हात लागताच ती वळते. दुसऱ्या प्रकारच्या घोडीची मान पाठीच्या रेषेत ताठरलेली, दृष्टी एका जागी खिळलेली आणि कान जागच्या जागी असतात. फ्रान्समधील रेन येथील संशोधकांनी २०१२ साली घोडेस्वारीच्या शाळेतील घोड्यांत अशाच मुद्रेचे वर्णन केले. हे घोडे आपल्या नेहमीच्या जागी स्पर्शाकडेही फारसे लक्ष देत नसत. मात्र नवीन परिस्थितीत त्यांची भीती इतरांहून अधिक आढळली. म्हणजे बाजारात ज्याला ‘गरीब जनावर’ म्हणून वाखाणले जाते तेच अनोळखी प्रसंगी अधिक धोक्याचे ठरू शकते. त्यात नवरदेवाच्या आणि आसपासच्या लेकराबाळांच्या जिवाचाही प्रश्न गुंतलेला आहे.

प्राचीनांना यांतील काय ठाऊक होते? या विषयावरील अतिप्राचीन ग्रंथांपैकी एक तुर्कस्तानातील बोगाझकॉय, म्हणजे प्राचीन हत्तुशा, येथील मृत्तिकाफलकांवर सापडला. मितन्नी देशाचा अश्वशिक्षक किक्कुली याच्या नावाचा हा हिट्टाइट भाषेतील लेख इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धातील असून त्यात रथाच्या घोड्यांसाठी सुमारे सात महिन्यांचा दिनक्रम आखून दिलेला आहे. भारतीय अभ्यासकाला त्यातील फेऱ्यांची नावे विशेष लक्षणीय वाटतील : ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न. एक, तीन, पाच, सात ही संख्यावाचके आणि ‘वृत्’ धातूपासूनचे ‘वर्तन’ यांत स्पष्ट ओळखू येतात. पण किक्कुलीचा पाया शरीराचा आहे. किती अंतर कोणत्या गतीने, केव्हा वैरण, केव्हा नदीत स्नान, याची काटेकोर नोंद तो करतो. घोड्याच्या मनाविषयी तो जवळजवळ मूक आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्षाचे प्रकरण राज्यकारभाराच्या दृष्टीने लिहिलेले असले तरी त्यातील दोन गोष्टी येथे प्रस्तुत आहेत. घोडा चार किंवा पाच वर्षांचा झाल्यावर पूर्ण वाढलेला व कामास योग्य समजावा, असे तेथे सांगितले आहे. घोड्याच्या गुडघ्यावरील हाडाच्या वाढीची चकती सुमारे अडीच वर्षांच्या वयात आणि पाठीच्या मणक्यांतील चकत्या पाच-सहा वर्षांपर्यंत मिटतात, हे आजचे ज्ञान पाहता ही मर्यादा समंजस वाटते. दोन वर्षांच्या घोड्यांना शर्यतीत उतरविण्याच्या प्रथेविषयी तसे म्हणता येत नाही. दुसरे असे की तीक्ष्ण, भद्र व मंद अशा प्रकृतिभेदाप्रमाणे युद्धाचे वा वाहनाचे काम नेमावे, असे तो सांगतो. एकच रीत सर्व घोड्यांना लागू करणाऱ्या आधुनिक पद्धतिकारांनी एवढे तरी कौटिल्यापासून घ्यावे.

मनाच्या पायाचा स्पष्ट उच्चार करणारा लेखक म्हणजे इ. स. पूर्व चौथ्या शतकातील ग्रीक सेनानी झेनोफन. घोड्याशी रागाच्या भरात कधीही वागू नये, त्याला ज्याची भीती वाटते ती वस्तू निरुपद्रवी आहे हे सौम्यपणे पटवून द्यावे, आणि त्याने मनाजोगे केले की त्याला विश्रांती द्यावी, हे त्याच्या उपदेशाचे सार होय. सुटका हेच बक्षीस, हे तत्त्व परिभाषेवाचून येथे आलेच आहे. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्येही चार वर्षांच्या लिपिझानर घोड्याला पहिल्या वर्षी लांब दोरीवर वर्तुळात फिरविणे, ज्याला मराठीत कावा देणे म्हणत, आणि स्वारासह सरळ पुढे चालणे यांपलीकडे फारसे काही शिकविले जात नाही. ज्या उड्यांसाठी ती शाळा प्रसिद्ध आहे त्या पुष्कळ वर्षांनी येतात, आणि त्याही निवडक घोड्यांना.

पाया पक्का होण्यात सर्वांत मोठी अडचण बहुधा घोड्याकडून येत नाही. बर्लिनमधील ‘हुशार हान्स’ या घोड्याची हकीकत मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला परिचित आहे. विल्हेल्म फॉन ओस्टेन यांचा हा घोडा टापांनी गणिताची उत्तरे देतो असा समज होता. १९०७ साली ऑस्कर फुंगस्ट यांनी दाखवून दिले की, योग्य संख्येपाशी प्रश्नकर्त्याच्या मस्तकाची जी सूक्ष्म, त्यालाही न कळणारी हालचाल होई तिच्यावरून घोडा थांबत असे. या प्रयोगाचा बोध प्रयोगकर्त्याच्या नकळत पडणाऱ्या प्रभावापुरताच सहसा सांगितला जातो. अश्वशिक्षकाने तो अधिक मनावर घ्यावा. ज्या प्राण्याला प्रश्नकर्त्याच्या मानेची इतकी बारीक हालचाल दिसते, त्याच्या पाठीवरून डगमगणारा स्वार त्याला दर मिनिटाला किती अर्थहीन सूचना देत असेल! विशेषतः टाच आणि लगाम एकाच वेळी दाबण्याची सवय फार वाईट. टाच म्हणते ‘चल’, तोंडातले कडियाळे म्हणते ‘थांब’. घोड्याने कोणतेही उत्तर दिले तरी एक दाब शिल्लक राहतोच. सेलिग्मन यांच्या प्रयोगातील सुटका नसलेली अवस्था ती हीच, आणि येथे ती निर्माण करण्यास क्रौर्य लागत नाही, अज्ञान पुरते. काही घोडे यावर मागच्या पायांवर उभे राहतात, काही चौखूर उधळतात, आणि काही काहीच करीत नाहीत. या शेवटच्यांची तक्रार कोणी करीत नाही. अँड्र्यू मॅक्लीन व पॉल मॅकग्रीव्ही यांच्यासारख्या अभ्यासकांनी दोन परस्परविरोधी सूचना एका वेळी न देण्याचा जो आग्रह धरला आहे त्याचे कारण यात आहे.

झेनोफनच्या ग्रंथात एक व्यवहारी सूचना आहे. शिंगराला वळण लावण्याचे काम मालकाने स्वतः न करता चाबुकस्वाराकडे सोपवावे, आणि मुलाला धंदा शिकण्यास धाडताना करतात त्याप्रमाणे, परत येताना त्याला काय काय आले पाहिजे याचा लेखी करार करावा. असा करार आज कोणी केला तर त्यात ‘घोडा शांत असावा’ एवढे कलम पुरणार नाही. पोटरीच्या हलक्या स्पर्शाने तो चालू लागावा आणि पुढे टाचेवाचून तीच गती राखावी. लगामाच्या किंचित ताणाने थांबावा आणि लगाम सैल असताना थांबूनच राहावा. परक्या माणसाच्या हाती, परक्या अंगणात, सोबतचे घोडे निघून गेल्यावरही हे सर्व घडावे. आणि हे घडत असताना त्याचे कान हलते असावेत.